जबडा वाढतो, दात वाढत नाहीत

सांगलीजवळच्या एखाद्या प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गातली मुले हसली, की इवल्याशा चेहऱ्यांत वरचे पुढचे दोन दात फावड्यासारखे रुंद दिसतात आणि पुष्कळदा त्यांच्यामध्ये फटही असते. घरच्यांना त्याची धास्ती वाटते. पण या दातांचे माप फार आधीच ठरलेले असते. त्यांचा दिसणारा भाग जन्मानंतर तीन-चार महिन्यांपासून हाडाच्या आत घडू लागतो, चार-पाच वर्षांच्या सुमारास पुरा होतो आणि त्यानंतर तसूभरही वाढत नाही. जबडा मात्र पुढे दहा-बारा वर्षे वाढत राहतो. फट तर अकरा-बाराव्या वर्षी सुळे उतरताना बहुधा आपोआप मिटते.

दाढांना जागा कशी होते, हे याहून नवलाचे आहे. खालचा जबडा रबरासारखा ताणला जात नाही. कानाकडे चढणाऱ्या त्याच्या फांदीच्या मागच्या कडेवर नवे हाड चढते आणि पुढच्या कडेवरचे विरघळत जाते, त्यामुळे पाचव्या वर्षी जिथे फांदी होती तिथे बाराव्या वर्षी दाढ उभी असते. 18 व्या शतकात जॉन हंटर या शल्यविशारदाने डुकरांना मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीचे मूळ खाऊ घालून हे ताडले. त्या काळात तयार होणारे हाड लाल रंगते, म्हणून वाढ कुठे झाली ते दिसते.

उलट बाजूने दातही हाड घडवतात. ज्या कडेत दात रुततात ती कड दातांसाठीच उभी राहते: जन्मतः दातच नसतील तर ती धरत नाही, जबड्याचा खालचा पाया मात्र बराचसा वाढतो, आणि दात पडले की ती झिजते. म्हातारपणी तोंडाचे बोळके होते ते केवळ दात गेल्यामुळे नव्हे, ही कडही गेल्यामुळे.

चावण्याचा ताण हाडाला वाढवतो, घडून गेलेल्या दाताला नाही. हायरॅक्स या लहान प्राण्याला शिजवलेले मऊ अन्न दिले, तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा खालचा भाग कमी वाढला. उसाचे कांडे दातांनी सोलणाऱ्या पोराला अक्कलदाढेचा त्रास होणारच नाही, असे मी म्हणणार नाही. पण जबडा आखूड राहिला तरी दाढा आपल्या मापाच्याच येतात, आणि सर्वांत शेवटी येणारी अक्कलदाढ त्या न सरकलेल्या फांदीच्या पायथ्याशी आडवी अडकते.