लहान मुलांच्या छातीतल्या गाठींची सुई-तपासणी (ईबस)

पोराच्या छातीत सुजलेल्या लिम्फच्या गाठीतून, तोंडातून श्वासनळीत घातलेल्या दुर्बिणीच्या अल्ट्रासाऊंडवर बघत बघत बारीक सुईने पेशी काढायच्या आणि लॅबला पाठवायच्या, ही ती प्रोसिजर, डॉक्टर लोक तिला ईबस म्हणतात. या गाठी छातीच्या मधोमध, दोन फुफ्फुसांच्या बेचक्यात, श्वासनळी आणि अन्ननळीला लागून असतात, त्यामुळे सुजल्या तरी बाहेरून हाताला लागत नाहीत, एक्सरेत नुसती सावली दिसते. सीटी काढला की गाठ कुठे, केवढी ते कळतं, पण ती कशाची आहे हे सीटीसुद्धा छातीठोक सांगू शकत नाही.

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात (तसं सगळ्या देशातच) मुलाच्या छातीत गाठी म्हटलं की पहिला संशय टीबीचा येतो आणि तो बहुतेक वेळा बरोबरच असतो, त्यात घरात कुणी मोठं माणूस टीबीचं असेल, पोराचं वजन वाढत नसेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल तर बघायलाच नको. पण लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, सुरवातीला अगदी तसाच दिसू शकतो. एकाला 6 महिने टीबीच्या गोळ्या, दुसऱ्याला केमो. आणि खरा घोळ होतो तो अंदाजाने स्टिरॉइड सुरू केलं की, कारण लिम्फोमाची गाठ त्याने तात्पुरती आक्रसते, पोरगं चार दिवस बरं दिसतं आणि मग सुई घातली तरी धड निदान निघत नाही.

तरी सरळ सुईवर उडी मारायची नसते. लहान मूल थुंकी काढून देत नाही, गिळून टाकतं, म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात आणि सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी) लावतात, शी सुद्धा चालते. मानेत किंवा काखेत गाठ असेल तर तीच टोचावी, किती सोपं काम ते. मुलांच्या टीबीत जंतू मुळात कमी असतात त्यामुळे हे सगळं निगेटिव्ह येऊ शकतं, किंवा औषधं चालू असून गाठी वाढत राहतात, किंवा सीटी बघून कॅन्सरची शंका येते, तेव्हा ईबसची पाळी.

दुर्बिणीच्या टोकाला अल्ट्रासाऊंडचा छोटा प्रोब असतो, त्यामुळे नळीच्या भिंतीपलीकडची गाठ स्क्रीनवर दिसते, डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावला की शेजारची रक्तवाहिनी रंगीत होते, म्हणजे ती चुकवता येते. सुई साधारण 22 गेजची, पाऊण मिलिमीटरलाही कमी. ती गाठीत शिरताना पांढऱ्या रेघेसारखी दिसते, आत गेली की डॉक्टर ती दहा-पंधरा वेळा मागेपुढे करतात, मग बाहेर काढून स्लाइडवर थेंब, असं तीन-चार वेळा. जपानात चिबा युनिव्हर्सिटीच्या यासुफुकू आणि त्यांच्या टीमने 2004 मधे याचे निकाल छापले, पण ते मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी, मुलांकडे ही गोष्ट उशिराने वळली.

कारण साधं आहे, जागाच नाही. दुर्बिणीचं टोक जवळजवळ 7 मिलिमीटरचं आणि चार-पाच वर्षांच्या मुलाची श्वासनळी जेमतेम 8-9 मिलिमीटर, दुर्बीण आत घातली तर पोरानं श्वास कुठून घ्यायचा? म्हणून लहान मुलांत तीच दुर्बीण अन्ननळीतून घालतात. श्वासनळी जिथे दोन फाट्यांत विभागते त्याच्या खालची गाठ तिथून छान सापडते, डावीकडच्या काही पण, फक्त उजवीकडच्या गाठींना अन्ननळीतून पोचणं अवघड. मला विचाराल तर मुलांसाठी खरी सोय झाली ती या वाटेनेच.

मोठ्या माणसाला थोडी गुंगी देऊन भागतं, मुलांना बहुतेक पूर्ण भूल लागते. गाठ फार मोठी असून श्वासनळी दाबत असेल, पोराला आडवं झोपवत नसेल, तर भूल देणंच धोक्याचं, हे भूलतज्ज्ञाला आधीच सांगायचं, लपवायचं नाही. जेवण 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, पाणी 2 तास. अथणीहून पहाटेची बस धरून येतात आणि स्टँडवर पोरगं रडतंय म्हणून आजी बिस्किट चारते, की झाली प्रोसिजर कॅन्सल. रक्तस्राव, इन्फेक्शन, छातीत हवा साठणं असे धोके आहेत, पण क्वचित.

सुई नीट लागते, पण काढलेलं सॅम्पलच वाया जातं. सगळं फॉर्मलिनच्या (पेशी टिकवायचं रसायन) बाटलीत टाकलं तर जंतू मरतात, कल्चर, म्हणजे लॅबमधे जंतू वाढवून बघणं, होतच नाही. म्हणून थोडं स्लाइडवर, थोडं सलाइनमधे सीबीनॅट आणि कल्चरला, थोडं फॉर्मलिनमधे, लिम्फोमाची शंका असेल तर फ्लोसायटोमेट्रीला (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) वेगळं. 'सलाइनची बाटली कुठाय हो?' एवढा एक प्रश्न आईबापांनी जरूर विचारावा. सीबीनॅटचं मशीन दोनेक तासात उत्तर देतं, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही सांगतं, कल्चरला मात्र 6 आठवडे जाऊ शकतात.

सीमाभागात आणखी एक भानगड म्हणजे जायचं कुठे. निपाणीवाल्यांना कोल्हापूर जवळ, अथणीवाल्यांना मिरज, खानापूरवाले बेळगावला येतात नाहीतर घाट उतरून गोव्याला. दुर्बीण असली तरी मुलांना भूल देणारी टीम आहे का हे फोनवर विचारूनच निघावं. रेशनकार्ड कर्नाटकचं, दवाखाना महाराष्ट्रातला, मग योजना कुठली लागणार यात अर्धा दिवस जातो. महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना इथल्या 865 गावांना लागू करायचं 2023 मधे जाहीर केलं होतं, त्यावरून दोन्ही सरकारं भांडली सुद्धा, तेव्हा काउंटरवर खात्री करूनच ॲडमिट व्हायचं. संमतीचा कागद बऱ्याचदा कन्नड नाहीतर इंग्लिशमधे असतो, मराठी शाळेत शिकलेल्या बापाने वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

टीबी निघाला तर नोंद निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी पेशंटच्या ऑनलाइन नोंदवहीत, होते, ती राज्य बदललं तरी पुढे पाठवता येते, म्हणजे निदान मिरजेत झालं तरी गोळ्या गावच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आणि औषधं सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत गाठी उलट फुगल्या तर लगेच दुसऱ्या डॉक्टरकडे पळू नये, टीबीत असं होतं, तब्येत सुधारत असेल तर तीच औषधं चालू ठेवतात. पण वजनही घटतंय, तापही हटत नाही, तर परत सुई घालायला लागू शकते.