वॅट पाहून झाले, आता ओहम पाहा

नाशकात एमजी रोडवरच्या दुकानात असो की अंबड लिंक रोडच्या भंगारात, घरचे स्पीकर वाजवायला गाडीचा जुना अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) हातात घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटचा?" मग माळ्यावर पडलेल्या डेकच्या स्पीकरवरचे वॅट आठवून तो मनातच जोडी लावतो. ओहमचा विषय निघाला की मात्र ठरलेलं उत्तर येतं: "गाडीचा अ‍ॅम्प चार ओहमचा, घरचे स्पीकर आठचे. लोड येईल, अ‍ॅम्प जळेल." हे वाक्य ऐकून ऐकून मी थकलोय. ते बरोबर उलटं आहे, आणि त्याच्या नादात चांगले अ‍ॅम्प मरतात.

वॅटचं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून दोन ओळीत. आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा धरा. पीएमपीओ आणि मॅक्स हे क्षणभराचे फुगवलेले आकडे बघूही नका. अ‍ॅम्प स्पीकरपेक्षा थोडा मोठा असला तर व्हॉल्यूम हात राखून वाढवा. आवाज फाटायला लागला की थांबा, कारण ट्वीटर जातात ते बहुतेक फाटक्या आवाजानेच.

आता ओहम. ओहम ही स्पीकरची ताकद नव्हे, अडथळा आहे. अ‍ॅम्प आपल्या कुवतीएवढं व्होल्टेज देतो. त्यातून करंट किती ओढायचा, हे स्पीकरचा अडथळा ठरवतो. 4 ओहमवर 50 वॅट देणारा अ‍ॅम्प घ्या. तो पूर्ण जोरात साधारण 14 व्होल्ट बाहेर काढतो. 4 ओहमचा स्पीकर त्यातून साडेतीन अँपिअर ओढतो, 8 ओहमचा पावणेदोन. म्हणजे आठवाल्या स्पीकरने अ‍ॅम्पचं काम निम्मं केलं. वॅटही निम्मे, 25 मिळतात हे खरं, पण कानाला आवाज निम्मा होत नाही. फरक 3 डेसिबलचा, दिवाणखान्यात जेमतेम जाणवेल एवढा. गाडीच्या अ‍ॅम्पला घरचे 8 ओहमचे स्पीकर खुशाल लावा. 6 चे असले तरी लावा.

खरी गफलत याच्या पुढे आहे. स्पीकरच्या पाठीवर छापलेले ओहम वेगळे आणि अ‍ॅम्पवर प्रत्यक्ष पडणारे ओहम वेगळे. पहिला आकडा कधी बदलत नाही. दुसरा तुम्ही वायर कशी जोडता त्यावर ठरतो.

पुणे रोडवरचा शिंदे टोलनाका आठवा. एकच लेन चालू असली की गाड्या तुंबतात. शेजारची उघडली की त्याच वेळात दुप्पट गाड्या पार होतात. लेन वाढली, अडथळा कमी झाला. एका चॅनलवर, म्हणजे अ‍ॅम्पच्या एका आउटपुटवर, 8 ओहमचे दोन स्पीकर प्लसला प्लस, मायनसला मायनस असे जोडले की अगदी हेच होतं: अ‍ॅम्पवर 4 ओहम पडतात. 4 चे दोन असे जोडले तर 2. आणि एकामागे एक, म्हणजे पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, असे जोडले तर आकड्यांची बेरीज होते.

ब्रिज केलं की हिशोब आणखी फिरतो. ब्रिजमध्ये दोन चॅनल एकाच स्पीकरला दोन बाजूंनी ढकलतात, व्होल्टेज दुप्पट होतं आणि प्रत्येक चॅनलला स्पीकरचे ओहम निम्मेच भासतात. 4 ओहमचा स्पीकर ब्रिजला लावला तर प्रत्येक चॅनलवर 2 ओहमचा भार पडतो. म्हणून अ‍ॅम्पवर किंवा त्याच्या पुस्तिकेत कमीत कमी ओहमचे दोन आकडे असतात, साध्या जोडणीचा वेगळा आणि ब्रिजचा वेगळा. बरेचदा ते 2 आणि 4 असतात. ते शोधून वाचल्याशिवाय ब्रिजला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या भाच्याने जुनी गाडी विकताना डिकीतला दोन चॅनलचा अ‍ॅम्प काढून ठेवला होता. घरात 8 ओहमच्या स्पीकरचे चार डबे होते. एकाने सांगितलं, चार ओहमवर आण. त्याने एकेका चॅनलवर दोन-दोन लावले. इथवर काही बिघडलं नव्हतं. दुसऱ्याने सांगितलं, ब्रिज कर, दणका येईल. त्याने चारही डबे एकत्र करून ब्रिजला दिले. 8 चे चार मिळून 2, आणि ब्रिजमुळे प्रत्येक चॅनलवर 1 ओहम. साडेतीनच्या जागी 14 अँपिअरची मागणी. दुसरं गाणं सुरू होईस्तोवर प्रोटेक्टचा लाल दिवा लागला. मी हात लावून पाहिला तर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बोट ठेववत नव्हतं. प्रोटेक्शन होतं म्हणून अ‍ॅम्प वाचला.

डब्यावरचा आकडा पुसला असेल तर वायर सोडवून मल्टिमीटर लावा. 8 ओहमचा स्पीकर 6 ते 7 दाखवतो, 4 चा साडेतीनच्या आत-बाहेर. मीटर फक्त कॉइलचा डीसी अडथळा मोजतो म्हणून आकडा कमी येतो. स्पीकर खराब नसतो. आणि ओहम जुळवायला मध्ये रेझिस्टर टाकणं कृपा करून बंद करा. निम्मी ताकद तिथे नुसती तापून जाते आणि बासही ढिला पडतो.

गाडीचा अ‍ॅम्प 12 व्होल्टवर चालतो, पण घरात त्याच्या सप्लायचं सोपं आहे. राउटरचा 2 अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर चालणार नाही. वरचा, दोन्ही चॅनलवर 50-50 वॅटचा अ‍ॅम्प 4 ओहमवर पूर्ण आवाजात 15 अँपिअरच्या आसपास मागतो, 8 ओहमवर त्याच्या निम्मे. त्यामुळे एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा 12 व्होल्ट 15 अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पुरून उरतो. गाडीची बॅटरी घरात ठेवून चार्ज करू नका, तिच्यातून हायड्रोजन निघतो. अ‍ॅम्पवरच्या 'रिमोट' नावाच्या टर्मिनलला प्लसवरून एक वायर द्या, नाहीतर अ‍ॅम्प सुरूच होणार नाही.

भाच्याकडे आता दोनच डबे आहेत, एका चॅनलला एक. पहिल्या दिवशी नुसतं धुमधुम वाजत होतं, कारण डिकीतल्या वूफरसाठी फिल्टरचं बटण एलपीएफवर (फक्त खालचे सूर जाऊ देणाऱ्या जागी) ठेवलेलं होतं. ते फुलवर सरकवलं आणि तबल्याची चाट ऐकू आली.