बॉनेटवरची खरखर

दाराला रंगाआधीचा प्रायमर मारून गाडी घरी आणावी, दुसऱ्या दिवशी बॉनेटवर हात फिरवावा, तर बारीक रवा चिकटल्यासारखी खरखर लागते. नुसत्या हाताला कळत नसेल, तर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून फिरवा. बोटं सरसर घसरतात आणि कण न कण जाणवतो.

फवारणीच्या गनमधून प्रायमर धुक्यासारखा सुटतो. नेमक्या पत्र्यावर पडलेले थेंब ओले असतात. ते पसरतात, एकमेकांत मिसळतात, पकड घेतात. चुकलेले थेंब हवेवर भरकटतात आणि वाटेतच त्यांच्यातला थिनर, म्हणजे रंग पातळ करणारा द्रावक, उडून जातो. बॉनेटवर पोचेपर्यंत ते अर्धवट सुकून मण्यांसारखे झालेले असतात, नुसते टेकलेले. त्यांचा हा कच्चेपणाच आपल्या कामी येतो.

खालचा क्लिअर कोट, म्हणजे गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, मात्र कारखान्यात साधारण 140 अंश सेल्सिअसला भाजलेला असतो. त्याचे रेणू जाळ्यासारखे एकमेकांत बांधलेले. पण जाडी जेमतेम 40-50 मायक्रॉन, म्हणजे सहसा डोक्याच्या केसापेक्षाही कमी! उन्हातली अतिनील किरणं झेलणारी द्रव्यंही याच थरात असतात. म्हणून पहिल्याच फटक्यात रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, हातात घेणं मला अजिबात पटत नाही. ते मण्यांबरोबर कोटही झिजवतं.

त्यापेक्षा क्ले बार बरा. मळलेल्या कणकेसारखी ही मऊ वडी कृत्रिम पॉलिमरची असते आणि तिच्यात अतिशय बारीक घासणारी पूड मिसळलेली असते. गाडी धुऊन, सावलीत, शाम्पूचं पाणी भरपूर मारून ती हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायची. सपाट जागी ती पाण्याच्या थरावरून घसरते. वर आलेल्या मण्याला मात्र आडवा धक्का बसतो, तो सुटतो आणि वडीत रुततो. वडी पुन्हा पुन्हा मळून स्वच्छ बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडली तर सरळ टाकून द्यायची, कारण तिला चिकटलेली वाळू रंगावर ओरखडे काढते.

प्रायमर कोणता होता, हे पेंटरला विचारून घ्या. साधा लॅकर प्रायमर नुसता थिनर उडून सुकतो, त्यामुळे द्रावकात पुन्हा विरघळतो. हार्डनर, म्हणजे घट्ट करणारं रसायन, घातलेला इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) प्रायमर रासायनिक क्रियेने आवळतो आणि पुढे काही दिवस आवळतच राहतो. तिथे उशीर महागात पडतो, थिनरचाही फारसा उपयोग होत नाही. गाडी पूर्वी लॅकर पेंटने रंगवलेली असेल, तर थिनर प्रायमरआधी तो रंगच उतरवेल. हेडलाइटच्या काचा तर बहुधा पॉलिकार्बोनेटच्या असतात. थिनर लागला की त्यांवर बारीक तड्यांचं जाळं उठतं. तिथे फक्त क्ले आणि साबणपाणी.