मकरूह की हराम? पोरांच्या सिगारेटमागची चारशे वर्षं

नागपाडा, कुर्ला, मुंब्रा, कुठल्याही गल्लीतल्या सतरा वर्षांच्या पोराला दारूचं विचारा, तौबा म्हणत कानाला हात लावेल. सिगारेटचं विचारलं की मात्र हसतो, "मकरूहच आहे ना, हराम थोडीच?" मकरूह म्हणजे नापसंत, टाळलेलं बरं, पण हरामसारखं सक्त मनाई केलेलं नाही. ही पळवाट त्याने शोधलेली नाही बरं का, ती चारशे वर्षं जुनी आहे.

तंबाखू मुळात अमेरिकेतली, त्यामुळे कुराणात तिचं नावच नाही. आपल्याकडे अकबराच्या शेवटच्या वर्षांत त्याच्या दरबारातला असद बेग विजापूरहून तंबाखू आणि सजवलेला हुक्का घेऊन गेला, बादशहाने दोनचार झुरके मारले, हकीम नको नको म्हणत राहिला. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, तिकडे तुर्कस्तानात सुलतान चौथ्या मुरादने १६३३ मध्ये, आणि तो तर थेट जीवच घ्यायचा. तरी लोक ओढतच राहिले. उलेमांमध्येही, म्हणजे धर्मपंडितांमध्येही, एकमत नव्हतं, कुणी हराम म्हणायचं, कुणी मुबाह म्हणजे चालतं, आणि आपल्याकडचे बरेच हनफी पंथाचे उलेमा मधल्या मकरूहवर थांबले. त्यात हुक्का नवाबी थाटाचा, मग घरातले मोठेच गुडगुडवत बसलेत म्हटल्यावर पोरांना कोण अडवणार.

कॅन्सरचं कळल्यावर सूर बदलला. स्वतःला स्वतःच्या हाताने नाशात ढकलू नका ही कुराणातली आयत पुढे आली, २००० मध्ये इजिप्तच्या मुफ्तींनी, म्हणजे धार्मिक निवाडा देणाऱ्यांनी, सिगारेट हराम ठरवली, २००९ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमांनी निदान लहान मुलांसाठी तरी.

कायदाही आहेच. २००३ च्या कायद्याने अठराच्या आतल्याला विकायची नाही, शाळेपासून शंभर यार्डात टपरी नको, २०२० पासून महाराष्ट्रात सुटी सिगारेटही बंद. (टपरीवाल्याला हे कुणी सांगितलं की नाही देव जाणे.) मुंबईत कमला मिलमधल्या पबला लागलेल्या आगीनंतर २०१८ मध्ये हुक्का पार्लरही गेले.

मुलींचं गणित वेगळंच, तिथे मकरूह-हराम नंतर, आधी मोहल्ला काय म्हणेल.

आणि रमजान. धुराने रोजा तुटतो यावर पोरांमध्ये वादच नाही, तेरा-चौदा तास सिगारेटला हात लावत नाहीत. मग अजान होते, खजूर, पाणी, मगरिबची नमाज, आणि मशिदीतून बाहेर पडल्यावर अब्बांची नजर चुकवून पाय सरळ टपरीकडे.