प्रॉडक्शन-इंडस्ट्रियल शाखेतून एमटेक: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाच्या तीन वाटा

मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनची बीई झाल्यावर एमटेककडे वळणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींना कारखान्यातच वरच्या जागेवर जायचं असतं. उत्पादन नियोजन, गुणवत्ता, सप्लाय चेन ही त्यांची क्षेत्रं. काहींना कॉलेजात शिकवायचं असतं. अर्ज दोघांचा सारखाच, पण शाखा निवडताना शिकवू इच्छिणाऱ्यांनी जास्त जपून राहायला हवं. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, 2019 च्या नियमांनुसार अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर बीई आणि एमटेक दोन्ही संबंधित शाखेतल्या लागतात आणि त्यांपैकी एकीत तरी प्रथम श्रेणी लागते. पॉलिटेक्निकमध्ये अधिव्याख्याता होण्यासाठी मात्र संबंधित शाखेतली प्रथम श्रेणीची बीई पुरते. नजर फक्त पॉलिटेक्निकवर असेल, तर निव्वळ पात्रतेसाठी एमटेकची दोन वर्षं घालवायची गरज नाही.

'संबंधित' म्हणजे काय, यावर भरतीच्या वेळी बरंच डोकं आपटावं लागतं. अलीकडे एमटेकची नावं फार आकर्षक असतात, पण मुलाखतीआधी अर्ज छाननारा माणूस पदवीवरचं नाव आणि जाहिरातीतली शाखा एवढंच ताडून पाहतो. मूळ शाखा कोणत्या आणि त्यांना जुळणाऱ्या पदव्या कोणत्या, याची यादी एआयसीटीईने प्रसिद्ध केलेली आहे. कॉलेजांचे विकल्प भरण्याआधी ती एकदा उघडून बघा. प्रवेश झाल्यावर बघून उपयोग नाही.

गेट आणि तीन वाटा

गेट ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा दिल्याशिवाय एमटेक होत नाही, असा एक समज आहे. महाराष्ट्रात तरी तो खरा नाही. राज्याच्या सीईटी सेलच्या (सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या) प्रवेशफेऱ्यांत, म्हणजे कॅपमध्ये, गुणवत्ता यादीत गेटवाले आधी लागतात आणि त्यांच्यानंतर बिगरगेटवाले पदवीच्या गुणांवर. नावाजलेल्या सरकारी कॉलेजात मागून नंबर लागणं अवघड, पण इतरत्र जागा मिळू शकते. तरी माझं मत विचाराल तर गेट द्याच. परीक्षा 3 तासांची, 100 गुणांची, फेब्रुवारीत होते आणि बीईच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते. निकालापासून 3 वर्षं स्कोअर चालतो. पेपर मेकॅनिकलचा द्यायचा की प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा, हे ठरवण्याआधी तुम्हाला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाला कोणते पेपर चालतात ते पाहा. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्चला अनेक शाखांचे पेपर चालतात. सगळीकडे तसं नसतं.

आता अर्ज कुठे करायचा? आयआयटींसाठी प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो, आणि मिळालेली ऑफर स्वीकारणं किंवा नाकारणं सीओएपी या सामाईक पोर्टलवर होतं. गेटचा निकाल मार्चमध्ये लागला की हे अर्ज लगेच सुरू होतात, म्हणून ही वाट सर्वांत आधी चुकते. एनआयटींसाठी सीसीएमटी ही केंद्रीय फेरी आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीतलं इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं एमटेक याच वाटेने मिळतं. कॉलेज महाराष्ट्रात असलं तरी ते सीईटी सेलच्या यादीत सापडणार नाही. तिसरी वाट सीईटी सेलची. माटुंग्याच्या व्हीजेटीआयपासून तुमच्या जिल्ह्यातल्या खासगी कॉलेजपर्यंत सगळी त्यात येतात. तिन्ही प्रक्रिया एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. एकीकडे भरलेली माहिती दुसरीकडे आपोआप जात नाही.

पवईच्या नीटीबद्दल अजून विचारणा होते. 1963 साली सुरू झालेली आणि औद्योगिक अभियांत्रिकीसाठी ओळखली जाणारी ही संस्था 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथला रस्ता आता कॅट परीक्षेतून एमबीएकडे जातो.

पात्रता

कॅपसाठी संबंधित शाखेची बीई किंवा बीटेक किमान 50 टक्क्यांनी उत्तीर्ण हवी. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना 45 टक्के. नोकरी करत असाल आणि कंपनी किंवा संस्था पाठवायला तयार असेल, तर प्रायोजित गटातून अर्ज करता येतो. त्यासाठी पदवीनंतर संबंधित क्षेत्रात किमान 2 वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो. प्रायोजित असलात तर पुढे सांगितलेल्या विद्यावेतनाचा विचार सोडून द्या.

कागदपत्रं

अर्ज भरायला अर्धा तास लागतो. महिने जातात ते कागद जमवण्यात. दहावी-बारावीच्या किंवा डिप्लोमाच्या गुणपत्रिका, बीईच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरती पदवी, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, गेट दिली असेल तर स्कोअरकार्ड, मध्ये खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन. ही सगळी नेहमीची मंडळी, त्यात फारसं अडत नाही. अडतं ते पुढच्या तीन ठिकाणी.

पहिलं, सीजीपीए. गुणपत्रिकेवर 7.42 असं काही असतं आणि अर्जात टक्के मागतात. सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं. दहाने गुणून मोकळं होऊ नका. विद्यापीठाचं रूपांतर प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर असलेला आकडाच दशांशासकट भरा. बिगरगेट उमेदवाराचा गुणवत्ता क्रमांक याच आकड्यावर ठरतो.

दुसरं, आरक्षणाचे दाखले. जातीचा दाखला हातात असला तरी जात वैधता प्रमाणपत्राशिवाय राखीव जागेवर दावा टिकत नाही, आणि वैधता पडताळणी समितीकडून मिळते. हे काम बीईच्या शेवटच्या वर्षातच हाती घ्या. ओबीसी, विजाभज (विमुक्त जाती व भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) यांना नॉन-क्रिमिलेयरही लागतं. तो दाखला हातात पडल्यावर आधी मुदतीची ओळ वाचा. तिथे 31 मार्च लिहिलेलं असतं आणि पुढचं वर्ष. वर्ष मागचं असेल तर दाखला असून नसल्यासारखा. छाननीत तुम्ही खुल्या गटात जाता.

केंद्राच्या प्रक्रियेत गाडी पुन्हा वेगळ्या रुळावर. सीसीएमटी आणि आयआयटींना केंद्रीय नमुन्यातला ओबीसी दाखला हवा, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असायला हवी. एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे, केंद्रात ते चालत नाही. तिथे अटींत बसत असाल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) विचार करता येतो. दोन्हीकडे अर्ज करायचा तर दोन वेगळे दाखले काढावे लागतात. सेतू केंद्रावर 'कोणत्या नमुन्यात' हे आपणच स्पष्ट सांगायचं.

तिसरं, नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, एवढ्याने काही बिघडत नाही. पण वडिलांच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

छाननीपासून प्रवेशापर्यंत

कागद अपलोड झाले की ई-छाननी घ्यायची की छाननी केंद्रावर जायचं, हे निवडता येतं. ई-छाननीत त्रुटी निघाली तर अर्ज परत येतो, म्हणून रोज लॉगिन करून बघा. निवडणाऱ्यांपैकी बरेच जण अर्ज पाठवला की निवांत होतात आणि मुदत निघून जाते. पुढे तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग विकल्प अर्ज. विकल्प मनाच्या खऱ्या पसंतीने लावा. पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला की जागा ऑटो-फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्की, होते आणि पुढच्या फेरीचा दरवाजा बंद. म्हणून 'बघू तर मिळतंय का' म्हणून काहीही वर टाकू नका. फेऱ्या संपल्यावर रिकाम्या जागा कॉलेजं संस्थास्तरावर भरतात. एमटेकला अशा जागा बऱ्याच उरतात.

दरमहा 12,400 रुपये

गेटमध्ये पात्र ठरून एआयसीटीई-मान्य संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतलेल्यांना एआयसीटीईची पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळते: महिन्याला 12,400 रुपये, जास्तीत जास्त 24 महिने. बदल्यात आठवड्याला 8 ते 10 तास कॉलेजचं अध्यापन-संशोधनाचं काम करायचं. पगार किंवा दुसरं विद्यावेतन सोबत चालत नाही. आधी कॉलेजला पोर्टलवर तुमचा आयडी तयार करावा लागतो, मग तुम्ही कागद चढवता आणि कॉलेज ते पडताळून पुढे पाठवतं. प्रवेश झाल्या आठवड्यातच कार्यालयात 'आयडी कधी होणार' हे विचारा. बँक खातं एकट्याच्या नावाचं, आधार जोडलेलं आणि व्यवहाराची मर्यादा नसलेलं हवं. संयुक्त किंवा शून्य शिलकीच्या मर्यादित खात्यावर पैसे अडकतात.

शिकवायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक टप्पा एमटेकनंतर येतो. नव्याने रुजू झालेल्या तंत्रशिक्षकांसाठी एआयसीटीईचा एनआयटीटीटी हा 8 मॉड्यूलचा प्रशिक्षणक्रम आहे आणि तो स्वयम पोर्टलवरून करता येतो. अध्यापक प्रशिक्षणासाठी देशात भोपाळ, चंदीगड, चेन्नई आणि कोलकाता अशा चार राष्ट्रीय संस्था आहेत. महाराष्ट्र भोपाळच्या कक्षेत येतो.