युद्धात जिंकले, तहात हरले? मॅट्रिक्सच्या शेवटच्या भागावरच्या भांडणाची पार्श्वभूमी

मॅट्रिक्स या हॉलिवूडच्या सायन्स फिक्शन पिक्चरचा तिसरा भाग, रिव्होल्यूशन्स, ५ नोव्हेंबर २००३ ला आला. इतकी वर्षं झाली तरी त्याचं नाव काढलं की दोन तट पडतात. एक म्हणतो सगळ्याची माती केली, दुसरा म्हणतो तू परत एकदा नीट बघ. मी दुसऱ्या तटातला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण पहिल्या तटातले लोक चिडले ते उगीच नाही चिडले, आणि त्यांच्या रागाची मुळं पिक्चरमध्ये जितकी आहेत तितकीच त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत आहेत, म्हणून हे लिहितोय. लाल गोळी कुठली, चमचा का वाकतो हे सगळं परत सांगत बसत नाही, ज्याला माहीत नाही त्याच्यापुरतं एवढंच: मॅट्रिक्स म्हणजे यंत्रांनी माणसांना नळ्या लावून झोपवून त्यांच्या डोक्यात चालवलेलं खोटं जग, लाल गोळी घेतली की त्यातून जाग येते, निळी घेतली की झोप चालूच, झायन म्हणजे सुटलेल्या माणसांचं बाहेरचं शहर, आणि निओ म्हणजे सगळ्यांना सोडवणार अशी भविष्यवाणी असलेला नायक.

पहिल्या भागाबद्दल थोडक्यात. १९९९ च्या मार्चअखेर अमेरिकेत लागला, सहा कोटी डॉलरच्या थोडा वर खर्च, जगभरातून ४६ कोटींच्या आसपास कमाई आणि चार ऑस्कर. आमच्या हॉस्टेलवर तो दोन सीडींवर आला होता, पहिली संपून दुसरी टाकेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची. त्या पिक्चरच्या शेवटी निओ फोनवरून यंत्रांना सांगतो की आता मी या लोकांना तुमच्याशिवायचं जग दाखवणार, आणि उडून जातो. तो फोन प्रेक्षकाने शब्द दिल्यासारखा धरला. म्हणजे पुढे यंत्रं हरणार, मॅट्रिक्स बंद पडणार, सगळे लोक डोळे उघडून बाहेर येणार. पुढचे दोन भाग या एका अपेक्षेने मोजले गेले.

ते दोन भाग एकदमच शूट केले, बरंचसं ऑस्ट्रेलियात, आणि तो हायवेचा पाठलाग कॅलिफोर्नियात नौदलाच्या जुन्या विमानतळावर जवळजवळ अडीच किलोमीटरचा खोटा रस्ता बांधून. कामात असतानाच २००१ मध्ये दोन कलाकार गेल्या. त्यातली एक ओरॅकलचं, म्हणजे मॅट्रिक्समधल्या भविष्य सांगणाऱ्या बाईचं, काम करणारी, तिचं दुसऱ्या भागातलं काम झालेलं होतं, तिसऱ्यासाठी दुसरी अभिनेत्री घ्यावी लागली. मग कथेतच ओरॅकलला तिच्या एका निर्णयाची किंमत म्हणून शरीर बदलावं लागलं असं दाखवलं. मला ते चांगलं जमलेलं वाटतं, पण तेव्हा बऱ्याच जणांना ठिगळ वाटलं.

आता मुख्य गोष्ट. दुसरा भाग रीलोडेड १५ मे २००३ ला आला आणि तिसरा ५ नोव्हेंबरला, मध्ये साडेपाच-सहा महिने. आजच्या हिशोबाने हे काहीच नाही, पण तेव्हा हे सहा महिने फार लांब गेले कारण रीलोडेड नको तिथे तुटतो. खऱ्या जगात, म्हणजे मॅट्रिक्सच्या बाहेर, यंत्रं मागे लागलेली असतात आणि निओ नुसता हात वर करून ती थांबवतो, पाडतो आणि बेशुद्ध पडतो. त्याच्या शेजारच्या पलंगावर बेन नावाचा झायनचा माणूस, ज्याच्या हाडामांसाच्या शरीरात स्मिथ, म्हणजे निओचा पक्का वैरी असलेला प्रोग्रॅम, शिरलाय. आणि पडदा काळा. उरलेलं पुढच्या भागात.

त्याच्याआधी आर्किटेक्टचा, म्हणजे मॅट्रिक्स बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा, सीन. पांढरी दाढी, भिंतभर टीव्ही, आणि ते इंग्रजी की थिएटरमध्ये पहिल्या वेळी एक वाक्य कोणाला धड कळलं असेल तर शपथ. आमच्यातल्या एकाने सायबर कॅफेतून त्या सीनचे संवाद उतरवून प्रिंट काढून आणले होते, तीन पानं, आणि ती पानं मेसमध्ये हातोहात फिरून त्यांच्यावर आमटीचे डाग पडले, समासात पेनाने प्रश्न लिहिलेले, बाण काढलेले. निओ सहावा, म्हणजे आधीचे पाच कुठे गेले? झायन आधी पाच वेळा पाडून परत वसवलं, म्हणजे बंडखोरसुद्धा यंत्रांच्याच योजनेतले? जो सगळ्यांना सोडवणार अशी भविष्यवाणी, तो मुळात त्याच सिस्टीमचा एक पुर्जा?

त्या पानांतून आणि त्या शेवटच्या सीनमधून एक थिअरी निघाली ती जगभर पसरली: मॅट्रिक्सच्या आत मॅट्रिक्स. म्हणजे झायनसुद्धा खोटं. ज्यांना पहिला पिंजरा पटत नाही त्यांच्यासाठी यंत्रांनी बाहेर दुसरा पिंजरा बांधलाय, त्यांना वाटतं आपण सुटलो, आणि ते निवांत लढत बसतात. पुरावे तर ढीगभर. खऱ्या जगात निओची शक्ती चालते कशी? स्मिथ हा प्रोग्रॅम, तो माणसाच्या मेंदूत बसतोच कसा? आर्किटेक्टने तर स्वतःच सांगितलं की बंड हे धरूनच चाललेलं असतं. अगदी रंगाचासुद्धा पुरावा काढलेला, मॅट्रिक्समध्ये सगळ्याला हिरवट झाक आणि झायनमध्ये निळसर, मग खऱ्या जगाला झाक कशाला हवी, असं. आज हे वाचून थोडं ताणलेलं वाटेल पण तेव्हा आम्हाला ते इतकं पक्कं वाटायचं की तिसऱ्या भागात निओ परत एकदा जागा होणार, तिसऱ्या जगात, हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं.

आणि खरं सांगायचं तर ती थिअरी सुंदर होती. पहिल्या भागाने जो धक्का दिला, की तू जिथे बसलायस ते सगळं खोटं आहे, तोच धक्का परत आणि दुप्पट. प्रेक्षकांनी सहा महिन्यांत डोक्यात एक अख्खा पिक्चर बनवून ठेवला आणि मग तो घेऊन थिएटरात गेले.

रिव्होल्यूशन्सने त्याला उत्तर दिलं दोन वाक्यांत. ओरॅकलच्या स्वयंपाकघरात, बिस्किटांचा घाट घातलेला असताना, ती निओला सांगते की त्याची ताकद या जगापुरती नाही, ती जिथून आली तिथपर्यंत, म्हणजे सोर्सपर्यंत, यंत्रांच्या मुख्य केंद्रापर्यंत, पोचते. झालं. यंत्रं पण सोर्सला जोडलेली, निओ पण जोडलेला, म्हणून तो त्यांना बाहेरसुद्धा हात लावू शकतो. झायन खरं आहे, लोखंड खरं आहे, मरण खरं आहे. माझ्या मते हे उत्तर पुरेसं आहे, आणि जास्त धाडसाचं आहे, कारण दुसरा पिंजरा काढला असता तर तिसरा का नाही, चौथा का नाही, आणि मग कोणाच्याच मरणाला अर्थ उरला नसता. पण सहा महिने पानं रंगवलेल्या माणसाला दोन वाक्यं म्हणजे तोंडाला पानं पुसल्यासारखंच होणार. पिक्चर सुरू होऊन तासही झाला नसेल तेव्हाच अर्धं थिएटर मनाने बाहेर पडलेलं होतं.

त्यात भर म्हणजे निओ बराच वेळ पडद्यावर नाहीच. सुरुवातीला तो एका भुयारी स्टेशनात अडकलेला, नंतर यंत्रांच्या शहराकडे निघालेला, आणि मधे झायनच्या गोदीवरची लढाई चालूच राहते, चालूच राहते, आणि ती लढणारी माणसं आपल्या फारशी ओळखीची नाहीत. ही तक्रार मला मान्य आहे. लढाई बघायला अजूनही जबरदस्त वाटते, ते छताला भोक पाडून यंत्रांचा थवा आत कोसळतो ते, पण ज्याच्यासाठी आलो तो माणूस तिथे नाही.

मग शेवट, आणि खरं भांडण इथेच आहे. आंधळा झालेला निओ यंत्रांच्या शहरात एकटा पोचतो, त्याची प्रेयसी ट्रिनिटी वाटेतच मेलेली. तो यंत्रांना सांगतो की स्मिथ तुमच्याही हाताबाहेर गेलाय, तो तुम्हालाही गिळेल, मी त्याला थांबवतो. बदल्यात काय हवं? फक्त शांतता. मॅट्रिक्स बंद करा असं तो म्हणत नाही, सगळ्यांना सोडा असं म्हणत नाही. झायनमध्ये यंत्रं जागच्या जागी थांबतात. मग पावसातली मारामारी, आणि त्या मारामारीच्या शेवटी निओ जिंकत नाही, तो स्वतःला स्मिथच्या हवाली करतो, स्मिथ त्यालाही आपल्यासारखा करून टाकतो, आणि तिकडे खऱ्या जगात निओच्या शरीराला जोडलेल्या वायरींतून यंत्रं स्मिथला पुसतात.

हे नेमकं कसं झालं यावर अजून वाद आहे. कोणी म्हणतं निओ थेट सोर्सला जोडलेला होता, स्मिथ त्याच्यात शिरल्याबरोबर यंत्रांच्या हाती सापडला. कोणी म्हणतं हे समीकरण आहे, निओ आणि स्मिथ एकमेकांची वजाबाकी, बेरीज शून्य. कोणी म्हणतं स्मिथने आधीच ओरॅकलला गिळलेलं, ती आत होतीच, म्हणूनच ऐन वेळी त्याच्या तोंडून तिचं वाक्य निघतं आणि तो स्वतःच दचकतो. मला तिसरं सगळ्यात जवळचं वाटतं, कारण निओ लढायचं थांबतो ते ते वाक्य ऐकल्यावरच. पिक्चर मात्र यातलं काहीच ठामपणे सांगत नाही.

पण कसं झालं यापेक्षा काय झालं यावर लोक जास्त चिडले. आपल्याकडे यासाठी तयार वाक्य आहे, युद्धात जिंकले आणि तहात हरले, आणि थिएटरबाहेर मी ते जवळपास याच शब्दांत ऐकलंय. यंत्रं तिथेच, मॅट्रिक्स चालूच, अब्जावधी माणसं नळ्या लावून झोपलेलीच, आणि म्हणे शांतता! फोनवर दिलेला शब्द कुठे गेला?

इथे मला तह या शब्दावर थोडं थांबावंसं वाटतं कारण मराठी माणसाला तो शब्द कळायला पाहिजे. आपण शाळेत १६६५ चा पुरंदरचा तह शिकलो, २३ किल्ले गेले. ते वाचताना पोटात खड्डा पडायचा. पण तो धडा तिथे संपत नाही, पाच वर्षांत किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली हेही आपण शिकलो. तह म्हणजे शेवट नव्हे, तह म्हणजे जिवंत राहून पुढचा दिवस बघणं. झायनचे लोक त्या रात्री संपूर्ण मरणार होते, आधी पाच वेळा मेलेच होते. सहाव्यांदा ते वाचले. आणि शेवटच्या सीनमध्ये बागेत ओरॅकल आर्किटेक्टकडून कबूल करून घेते की ज्यांना बाहेर पडायचंय त्यांना सोडलं जाईल, तेव्हा तो उलट विचारतो की मी काय माणूस आहे का, म्हणजे शब्द मोडायला. ज्यांना हवं त्यांना सोडणार, जबरदस्तीने नाही. पहिल्या भागातल्या दोन गोळ्यांचा अर्थ तरी दुसरा काय होता?

असो, तेव्हा एवढा विचार करायला कोणाला वेळ नव्हता. पिक्चर जगभर एकाच क्षणी लावला होता, लॉस एंजेलिसला सकाळी सहा, लंडनला दुपारी दोन, टोकियोला रात्री अकरा. त्यामुळे मतं हळूहळू बनलीच नाहीत, सगळी एका रात्रीत फुटली. समीक्षकांपैकी जेमतेम एक तृतीयांशांना आवडला, दुसरा भाग निदान तीन चतुर्थांशांना तरी आवडलेला. अमेरिकेतला पहिला वीकेंड रीलोडेडचा नऊ कोटी डॉलरच्या वर, याचा पाच कोटींच्या आत. जगभरात ७४ कोटींवरून ४२-४३ कोटींवर. आणि सहा आठवड्यांनी डिसेंबरमध्ये अंगठीवाल्या त्रयीचा, म्हणजे लॉर्ड ऑफ द रिंग्जचा, शेवट आला, त्यात वाईट हरतो, चांगला जिंकतो, राजा गादीवर बसतो, आणि त्याला ११ ऑस्कर मिळाले. एकाच हिवाळ्यात दोन त्रयी संपल्या आणि लोकांना कसा शेवट हवा होता याचं उत्तर मिळालं.

आपल्याकडच्या प्रेक्षकाची यात एक वेगळी गोष्ट आहे. त्या भुयारी स्टेशनात निओला एक भारतीय कुटुंब भेटतं, रामा कांड्रा म्हणजे आपला रामचंद्र, कमला, आणि छोटी सती. तिघेही प्रोग्रॅम. बाप निओला समजावतो की प्रेम हाही एक शब्दच आहे, खरं महत्त्व त्या शब्दातून दिसणाऱ्या नात्याला, आणि कर्म म्हणजे मी इथे जे करायला आलोय ते. सतीला काही काम नेमून दिलेलं नाही, म्हणून तिला पुसून टाकतील, म्हणून आईबाप तिला लपवून नेतायत. परदेशी प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांनी हा सीन फालतू लांबण म्हणून धरला. आम्ही मात्र गप्प बसून ऐकला. आणि पिक्चर संपल्यावर नावं सुरू झाली, लोक चपला शोधत, कुरकुरत उठले, आणि स्पीकरमधून असतो मा सद्गमय सुरू झालं. शाळेत रोज सकाळी हात जोडून म्हटलेलं. जिन्यापर्यंत गेलेले काही जण मागे वळून उभेच राहिले. पावसातल्या मारामारीतसुद्धा कोरस उपनिषदातलं संस्कृतच गातोय हे तर मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

त्यानंतर तहाचं काय झालं हे दोनदा सांगितलं गेलं. २००५ मध्ये ऑनलाइन गेम आला, त्यात गोष्ट अधिकृतपणे पुढे चालू, मॉर्फियस, म्हणजे निओला पहिल्यांदा मॅट्रिक्समधून बाहेर काढणारा, यंत्रांकडे निओचा देह परत मागत बसतो आणि मारला जातो. २००९ मध्ये तो गेमच बंद झाला. दरम्यान लाल गोळी हा शब्द इंटरनेटवरच्या राजकारणाने पळवला, आणि दोघा दिग्दर्शकांनी, म्हणजे आता दोघी बहिणींनी, २०१२ आणि २०१६ मध्ये आपण ट्रान्स स्त्रिया असल्याचं जगाला सांगितल्यावर लोक तिन्ही पिक्चर नव्या डोळ्यांनी बघायला लागले. शरीर एक, आतला माणूस वेगळा, आणि लढून नाही तर स्वीकारून संपणारं भांडण, हे सगळं तिसऱ्या भागात उघड समोर होतं. माझ्या ओळखीतल्या दोघांनी तर तेव्हाचं मत जाहीरपणे मागे घेतलं.

डिसेंबर २०२१ मध्ये चौथा आला. तिथे कळतं की तहानंतर ऊर्जा कमी पडली आणि यंत्रं आपापसात लढली, मॉर्फियसने धोक्याच्या सूचना मनावर घेतल्या नाहीत, झायन गेलं. म्हणजे तह फसला? पण त्याच पिक्चरमध्ये आयो नावाचं नवं शहर आहे जिथे माणसं आणि काही यंत्रं एकत्र राहतात, मिळून स्ट्रॉबेरी पिकवतात, हे त्या तहाशिवाय झालंच नसतं. आणि मेलेल्या निओ-ट्रिनिटीला परत जिवंत करून ज्या यंत्रणेत ठेवलंय तिच्यातून सोडवायचं कसं हे माहीत असतं ते मोठ्या झालेल्या सतीला, जिच्या बापाने ती यंत्रणा आखली होती आणि ज्याला नंतर पुसून टाकलं. काम एका भारतीय अभिनेत्रीने केलंय. २००३ मध्ये जिला कोणी बिनकामाची म्हटलं, तीच मुलगी.