श्रमशिबिरांची मुळं

मे महिना आला की महाराष्ट्रात शिबिरांचे फॉर्म फिरू लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळची सोमनाथची छावणी, कॉलेजांची एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिरं, एखाद्या संस्थेने बोलावलेलं दोन दिवसांचं श्रमदान. शहरातली पोरं टिकाव-फावडी धरतात, तळहाताला फोड आणतात आणि परततात. याने गावाचा नक्की काय फायदा, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. विचारायलाही हवा. जेसीबी तासाभरात उरकेल ते काम वीस मुलं दिवसभर करत असतात.

एकमेकांच्या कामाला धावून जाणं आपल्याकडे नवं नाही. इर्जिक होतीच: एकाच्या शेतात सगळ्यांनी आपापले बैल-औतं घेऊन जायचं, दिवसात नांगरट संपवायची आणि त्याच्याच घरी जेवायचं. पण इर्जिकीत परतफेड गृहीत असते. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही त्याच्या गावी जाऊन राबायचं, ही कल्पना निराळी आहे आणि ती बरीच उशिरा आली.

गाडगेबाबांनी ती आपल्या पद्धतीने आणली. गावात शिरले की आधी खराटा. लोक बघायला जमत, मग लाजेकाजेने हात लावत. कीर्तन रात्री. सफाई झाल्याशिवाय उपदेश नाही, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही. शहरात गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्याच समाजातल्या ना. म. जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावात वाचनालयं, रात्रशाळा सुरू झाल्या. राष्ट्र सेवा दल १९४१ चं. तोवर सेवा म्हणजे काय, याबद्दल तरुणांच्या मनात बरीच स्पष्टता आली होती.

‘शिबिर’ या प्रकाराचा एक धागा मात्र थेट युरोपातून येतो. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त गावात काही मंडळी जमवली आणि घरं पुन्हा बांधायला घेतली. त्यात कालपरवापर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल स्वतः भारतात आले आणि गावांच्या पुनर्बांधणीत राबले.

पुढे १९५० च्या दशकात याच संघटनेचे स्वयंसेवक वरोऱ्याला आनंदवनात आले. बाबा आमट्यांनी तिथे कुष्ठरुग्णांना घेऊन नुकताच संसार मांडला होता. गावातले लोक तिकडे फिरकत नसत, तिथली भाजीसुद्धा घ्यायला नको म्हणत. अशा ठिकाणी देशोदेशीची तरणी पोरं राहिली, विटा वाहिल्या, पक्क्या इमारतींना हात लावला आणि रुग्णांच्या पंगतीला बसून जेवली. वरोऱ्याचे लोक हे बघत होते. त्या पोरांनी किती विटा रचल्या याचा हिशेब मांडण्यात मला तरी रस नाही. गावाची भीड चेपायला त्यांचा हातभार लागला, हे काम कुठल्याही मजुराकडून पैसे देऊन करून घेता आलं नसतं. १९६४ मध्ये तर उलटंच घडलं. आनंदवनाने वरोऱ्यात कॉलेज काढलं. ज्यांना गावाने बाहेर ठेवलं, त्यांनी गावच्या मुलांसाठी वर्ग बांधले.

सोमनाथची श्रमसंस्कार छावणी १९६७ पासूनची. ‘हाथ लगे निर्माण में, नहीं माँगने, नहीं मारने’ ही बाबांची घोषणा तिथे घुमली. सकाळी काम, दुपारनंतर चर्चा, रात्री गाणी, असा दिवस. महाराष्ट्रातल्या कितीतरी कार्यकर्त्यांची सुरुवात या छावणीत झाली, आणि बाबांच्या १९८५ च्या भारत जोडो सायकल यात्रेलाही तरुण मिळाले ते याच मुशीतून.

दरम्यान सरकारने गांधी जन्मशताब्दीचं निमित्त साधून २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. ३७ विद्यापीठं, ४० हजार विद्यार्थी. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर, हे गणित कॉलेजच्या पोरांना पाठ आहे. योजना पसरली, पण तासांची नोंदवही आली की काम नोंदवहीपुरतं होऊ लागतं. जिथे कार्यक्रम अधिकारी तळमळीचा, तिथे एनएसएसने खरोखर गावं दत्तक घेतली. बाकी ठिकाणी बॅनरसमोर फोटो.

हिवरे बाजारने वेगळा मार्ग धरला. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, आणि श्रमदान हा गावाच्या पंचसूत्रीतला एक नियमच ठरला, नशाबंदी-कुऱ्हाडबंदीच्या बरोबरीने. पाहुण्यांची वाट न बघता गावच राबायला लागलं.

पानी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा (२०१६ ते २०१९), याच वळणाची. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके होते, २०१८ ला ७५. श्रमदानाचे गुण वेगळे, यंत्रकामाचे वेगळे. त्यामुळे नुसता जेसीबी लावून भागत नव्हतं, लोक रानात उतरावेच लागत. १ मे रोजी शहरातून आलेले जलमित्र दगड-माती उचलायचे, फोटोही भरपूर निघायचे. पण ते पोहोचण्याआधी गावच्या माणसांनी हायड्रोमार्करने उतार मोजलेला असे: दोन खुणांच्या काठ्या, मध्ये पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन्हीकडे पाण्याची पातळी एकाच आकड्यावर आली की तिथे खूण, मग खुणेखुणेला जोडत फक्कीची रेघ. रेघ एकसमान उंचीवर नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात चर फुटतो. ती कुठे मारायची हे शिकायला गावातली मोजकी माणसं आधी मुक्कामी प्रशिक्षणाला जाऊन आलेली असत. शहरातल्या पाहुण्याने फक्त त्या रेघेवर टिकाव चालवायचा होता.